शरीफाबींचा जनरेटर

लोधिवलीत जुन्या हायवेपासून आत वळलं की मशिदीच्या पुढे चौथं घर बद्रुद्दीन यांचं. घर बैठं, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीच्या मागे थोडी मोकळी जागा आणि बांबूचं बेट. या घरात शरीफाबी लग्न होऊन आल्या त्याला आता अडतीस वर्षं झाली. त्यांचं सगळं आयुष्य स्वयंपाक, शिवण आणि एकुलती एक मुलगी सिद्रा यांच्यात गेलं. यंत्र म्हणून त्यांनी हाताळलं ते पायाचं शिलाई मशीन. मिक्सरचं बटण दाबतानासुद्धा त्या एक पाऊल मागे उभ्या राहत.

बद्रुद्दीन दगडाच्या क्रशरवर ऑपरेटर होते. बावीस वर्षं त्यांनी डोंगराचे तुकडे गिळणाऱ्या त्या मशिनीशेजारी उभं राहून काढली. तोंडाला रुमाल बांधायचे, पण संध्याकाळी घरी आले की पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. पन्नाशी ओलांडली आणि खोकला लागला. आधी पावसाळी म्हणून, मग बिडीचा म्हणून औषधं झाली. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं, की फुफ्फुसांत दगडाची पूड बसलीय आणि ती निघणारी नाही. वर्षभरात त्यांना दहा पावलं चालणं जड झालं. शेवटी डॉक्टरांनी घरी हवेचं मशीन लावायला सांगितलं. गुडघ्याएवढी ती पेटी खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढते आणि लांब नळीनं नाकात सोडते. चोवीस तास ती चालू राहिली पाहिजे.

आणि ती चालते विजेवर.

लोधिवलीला वीज तशी असते, पण पावसाळ्यात वारा सुटला, एखादी फांदी तारेवर पडली, की गेली. कधी तासाभरानं येते, कधी दुसऱ्या दिवशी. घरात प्राणवायूचा एक सिलिंडर होता. तो पुरायचा चार-पाच तास. पहिल्या जूनमध्ये दोनदा असं झालं की सिलिंडरचा काटा तळाला आला आणि वीज आली नव्हती. शरीफाबी काट्याकडे बघत बसल्या होत्या आणि बद्रुद्दीन त्यांच्याकडे.

"असं बघू नकोस गं," ते म्हणाले. "तुझ्या बघण्यानं काटा वर येनार नाय."

दुसऱ्या दिवशी शरीफाबी चौकला नागूच्या दुकानात गेल्या. नागू पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचा. बद्रुद्दीनच्या क्रशरवरही त्याचं येणं-जाणं असायचं. त्यानं मंडपवाल्याकडचा एक पेट्रोलवरचा छोटा जनरेटर मिळवला, स्वतः उघडून साफ केला आणि टेंपोत घालून घरी आणला. दोन माणसांनी उचलावा एवढं त्याचं वजन.

"भाभी, हे बगा," नागू म्हणाला. "हा पेट्रोलचा कॉक, हा चोक, हे लाल बटण. कॉक उघडायचा, चोक ओढायचा, बटण चालू करायचं नि दोरीला हिसका. बंद करताना नुसतं लाल बटण. आनि मोकळ्यावर ठेवा बरं का."

शरीफाबींनी पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा ती अर्धी बाहेर येऊन परत गेली. आठव्या वेळी जनरेटर सुरू झाला आणि त्या आवाजानं दचकून पडवीच्या खांबाला टेकल्या. आत बद्रुद्दीन हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, तरी हसणं थांबेना.

हळूहळू त्या सरावल्या. वीज गेली की आधी नळी सिलिंडरला जोडायची, मग मागे जाऊन जनरेटर सुरू करायचा, जाड वायर आत ओढून हवेच्या मशिनीला लावायची आणि मग सिलिंडर बंद. चार मिनिटांचं काम. अंगणात जनरेटर धडधडायला लागला की शेजारच्या धोंडूबाई कुंपणापलीकडून विचारायच्या, "गेली का गं लाइट?" तेवढ्यावरून गावाला कळायचं.

पुढच्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. तीन दिवस पाऊस हटला नव्हता. दुपारी दीडच्या सुमाराला वीज गेली. शरीफाबी मागे गेल्या तर अंगणात घोटाभर पाणी. जनरेटरवर प्लास्टिक टाकलेलं होतं, पण त्याखालून पाणी वाहत होतं. आता विजेचं यंत्र पाण्यात चालवायचं कसं? त्यांना तेवढं नक्की ठाऊक होतं, की पाणी आणि करंट एकत्र आले की माणूस मरतो. त्यांनी वाटेनं जाणाऱ्या मनोजला हाक मारली. मनोज म्हणजे धोंडूबाईंचा लेक, रिक्षा चालवतो. दोघांनी जनरेटर उचलून पडवीत आणला. पडवीला पावसाळ्यासाठी तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधलेली होती, खाली दगड ठेवून दाबलेली. मनोज गेला. शरीफाबींनी दोरी ओढली. जनरेटर सुरू झाला. कोरड्या जागेत. त्यांना बरं वाटलं.

धुराचा वास थोडा आला, म्हणून त्यांनी पडवीकडचं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पण वायर त्याच दारातून आत येत होती, त्यामुळे चार बोटं फट राहिली. दारावरची उघडी खिडकी त्यांच्या ध्यानात आली नाही.

त्या तांदूळ निवडत बसल्या. थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. चहा झाला नाही म्हणून असेल, असं वाटलं. मग मळमळायला लागलं. उठून पाणी प्यावं म्हणाल्या तर पाय आपले वाटेनात. जरा आडवं व्हावं आणि मग चहा ठेवावा, असं ठरवून त्या तिथंच सुपाशेजारी लवंडल्या.

पुढच्या खोलीत बद्रुद्दीन खाटेवर बसले होते. त्यांच्या उशाची खिडकी रस्त्याकडे उघडी होती. त्यांनी हाक मारली. "शरीफा, चहा ठेव गं." उत्तर नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. जनरेटरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून थोडं थांबले. मग पाण्याचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटला. तेव्हाही काही नाही.

ते उठले. नळी ओढत भिंतीच्या आधारानं निघाले. ती नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरायची. उंबऱ्यावर त्यांना शरीफाबी दिसल्या. तोंड उघडं, गाल लालसर, तांदूळ सांडलेले. आणि आत पेट्रोलच्या धुराचा वास कोंडलेला.

क्रशरवर बावीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी काढलेल्या माणसाला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. बायकोला ओढून बाहेर न्यायचं बळ आपल्यात नाही, हेही कळलं. त्यांनी नाकातली नळी काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि श्वास रोखून निघाले. उंबऱ्यापासून पडवीतल्या जनरेटरपर्यंत बारा पावलं असतील. नंतर त्यांनी शरीफाबींना चालायला लावून ती मोजून घेतली होती. सातव्या पावलाला डोळ्यांपुढे काळं आलं. शेवटची तीन-चार त्यांनी रांगत टाकली. लाल बटण दाबलं. मग ताडपत्रीवरचा एक दगड पायानं ढकलला, ताडपत्री वर सरली आणि ते अर्धे पडवीत, अर्धे पावसात पडून राहिले.

जनरेटर थांबला तसं आतलं हवेचं मशीन बोंबलायला लागलं. वीज गेली की ते न थांबता टींटीं वाजतं. धोंडूबाई आपल्या ओटीवर कोंबड्या झाकत होत्या. जनरेटरचा आवाज थांबला तेव्हा त्यांना वाटलं, लाइट आली. पण आपल्या घरात तर अंधारच. आणि वर ही टींटीं. म्हातारी तशीच पावसात कुंपणाच्या फटीतून आली.

पुढचं धोंडूबाई अजून सांगतात. "बद्रू पालथा पडल्याला. मी म्हनलं गेला. तर हातानं आत दाखवतोय. बोलता येईना, नुसता हात. आत बगते तर ही. मनोज, मनोज, म्हणून अशी वरडले की शाळेची पोरं पळत आली."

मनोजनं आधी शरीफाबींना, मग बद्रुद्दीनना उचलून ओटीवर मोकळ्या हवेत आणलं. शरीफाबींना सिलिंडरची चावी फिरवताना धोंडूबाईंनी शंभरदा पाहिलं होतं. त्यांनी नळी सिलिंडरला जोडली, चावी फिरवली आणि नळीचं टोक बद्रुद्दीनच्या नाकाला लावलं. मग दोघांना एकाच रिक्षात घालून चौकच्या दवाखान्यात आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं पनवेलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरीफाबींनी नीट डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क होता. शेजारच्या खाटेवर बद्रुद्दीन, त्यांच्याही. सिद्रा मुंब्र्याहून आली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. बद्रुद्दीननी मास्क जरासा उचलला.

"आता कळलं ना," ते म्हणाले, "हे असलं नाकातोंडाला कसं काचतं ते?"

शरीफाबींनी मान दुसरीकडे वळवली आणि खूप वेळ रडल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या खाटेवर बसून बोलल्या. "मावशी, धूर दिसतो, त्याचा वास येतो, म्हणून माणूस सावध होतो. पण इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. दार-खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जनरेटर घरातच नको, पडवीत नको, ओट्यावर नको."

नागू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला आणि दाराशीच उभा राहिला. आत येईना.

"या की नागूभाऊ," शरीफाबी म्हणाल्या.

"भाभी, चूक माजी हाय," तो म्हणाला. "मोकळ्यावर ठेवा एवढंच बोललो. का ठेवायचा ते नाय सांगितलं. मला वाटलं, एवढं तर कुनालाबी म्हाईत असतं."

"आनि पाऊस आला तर काय करायचं, ते मी इचारलं नाय," शरीफाबी म्हणाल्या. "आता समदं सांगा. पयल्यापासून."

बद्रुद्दीनना घरी सोडलं त्याच आठवड्यात नागूनं अंगणाच्या पार टोकाला, घरापासून वीस-बावीस फुटांवर, हातभर उंचीचा सिमेंटचा चौथरा घातला. चार लोखंडी पाइप आणि वर पत्रा. चारी बाजू उघड्या. धूर फेकणाऱ्या नळीचं तोंड बांबूच्या बेटाकडे, घराकडे पाठ. लांब वायर आणली, अखंड, कुठे जोड नसलेली. पैसे घ्यायला तो तयार होईना, तेव्हा शरीफाबींनी त्याच्या दोन्ही मुलींचे परकर-पोलकी शिवून दिली.

आणि मग शिकणं सुरू झालं. दर रविवारी दुपारी नागू यायचा. शरीफाबी डोक्यावरचा पदर घट्ट खोचून चौथऱ्यासमोर पाटावर बसायच्या. ऑइलची काडी काढून पुसायची, परत घालून बघायची. काळं आणि पातळ झालं की बदलायचं. हवेचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही. पेट्रोल भरायचं ते जनरेटर बंद करून आणि हात लावता येईल इतका थंड झाल्यावर, तोवर नळी सिलिंडरला. पेट्रोलचा डबा स्वयंपाकघरात नाही, पडवीत नाही. त्यासाठी नागूनं अंगणाच्या कडेला जाळीचं कपाट ठोकून दिलं. बद्रुद्दीनच्या खोलीत तर उदबत्तीसुद्धा बंद झाली, कारण प्राणवायू असेल तिथे ठिणगीचं आगीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

वीज जावो न जावो, दर शुक्रवारी सकाळी त्या वीस मिनिटं जनरेटर चालवायच्या. पंखा आणि इस्त्री लावून. "नुसता रिकामा फिरवला तर त्याला समजत नाय, आपन काम करतोय का टाइमपास," असं नागू म्हणायचा.

बद्रुद्दीन खिडकीतून आवाज ऐकायचे. सगळं आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेलेला माणूस. "आज प्लग नीट न्हाय," ते आतून सांगायचे. शरीफाबी प्लग काढून बघायच्या, तर खरंच काजळी धरलेली. पॉलिश पेपरनं घासून परत लावला की आवाज गुळगुळीत यायचा, आणि आतून बद्रुद्दीन नुसतं "हां" म्हणायचे. त्या "हां"साठी शरीफाबी शुक्रवारची वाट बघायच्या. दोघांत इतक्या गप्पा लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा झाल्या नव्हत्या. आधी तो माणूस घरी यायचा तो थकून झोपायला. आता बसून बोलायला त्यांच्याकडे दिवसच्या दिवस होते.

असे अडीच पावसाळे गेले. मोठ्या वादळात एकदा सव्वीस तास वीज नव्हती. शरीफाबींनी पाच वेळा पेट्रोल भरलं, पाचही वेळा थांबून, थंड करून. बद्रुद्दीनच्या श्वासात खंड पडला नाही.

ते गेले जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला, उन्हात खाट ओढलेली असताना. वीज होती. मशीन चालू होतं. हवा होती, पण ती घ्यायची ताकद संपली होती. शरीफाबींचा हात त्यांच्या हातात होता.

नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस शरीफाबी घरातच राहिल्या. जनरेटरकडे कुणी फिरकलं नाही. मे महिन्यात त्या पहिल्यांदा अंगणाच्या टोकाला गेल्या. पत्र्यावर बांबूची पानं साचली होती. दोरी ओढली. पंधरा वेळा ओढली. जनरेटर खोकल्यासारखा करायचा आणि गप्प व्हायचा.

नागू आला. त्यानं कार्बोरेटर उघडून दाखवला. आत पिवळट, चिकट थर. "भाभी, पेट्रोल शिळं होतं. महिना-दोन महिन्यांत राळ बनते. चालवायचा नसंल तर टाकीत ठेवायचं न्हाय."

सिद्रा सुट्टीला आलेली होती. ती म्हणाली, "अम्मी, विकून टाक ना. कशाला बघत बसतेस त्याच्याकडे?"

"विकीन की," शरीफाबी म्हणाल्या. "पन असा आजारी नाय विकनार. आदी नीट करू."

नागूनं कार्बोरेटर साफ केला. बाकीचं शरीफाबींनी त्याला करू दिलं नाही. टाकीतलं पेट्रोल नळीनं डब्यात काढलं आणि डबा मनोजच्या हवाली केला. कॉक बंद करून इंजिन चालू केलं आणि आतला शेवटचा थेंब जळून ते आपोआप थांबेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. जुनं ऑइल गरम असतानाच काढून नवं घातलं. इंजिन निवल्यावर प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं, दोरी दोनदा सावकाश ओढून आत पसरवलं आणि प्लग परत बसवला. पंख्याच्या जाळीतली पानं, कोळ्याची जाळी, उंदरानं आणून ठेवलेला काथ्या, सगळं ब्रशनं काढलं. फडक्यानं पुसलं. शेवटी मनोजला हाताशी घेऊन फळीवर चढवून पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. टाकी रिकामी होती, म्हणून आता तो पडवीत चालण्यासारखा होता. वर बद्रुद्दीनची जुनी चादर घातली, प्लास्टिक नाही. प्लास्टिकखाली घाम धरतो आणि गंज चढतो.

सिद्रा दारातून बघत होती. ती पुढे येऊन आईशेजारी बसली आणि चादरीचं एक टोक तिनं नीट केलं. विकायचं पुन्हा बोलली नाही.

पुढच्या वर्षी जूनच्या तोंडावर नागू एका सकाळी आला. पोशीरला त्याचा एक ओळखीचा शेतकरी होता, सहदेव. त्याची बायको मैना दवाखान्यातून घरी आली होती, हवेच्या मशिनीसकट. तिथं वीज जाते. नवा जनरेटर मिळायला पंधरा दिवस तरी लागणार होते.

"तोवर देता का, भाभी?"

"देते की," शरीफाबी म्हणाल्या. "पन मी संगं येते."

मनोजच्या मित्राच्या टेंपोत जनरेटर चढला. पुढे ड्रायव्हर, नागू आणि खिडकीशी शरीफाबी. चौकहून कर्जत, कर्जतवरून नेरळच्या अंगाला, मग आत पोशीर. सहदेवांनी जिन्याखालची जागा झाडून ठेवली होती, खाली गोणपाट घातलेलं.

"हितं पाऊस लागनार न्हाय," ते म्हणाले. "कोरडं हाय."

शरीफाबींनी त्या जागेकडे पाहिलं. जिन्याशेजारीच मैनाच्या खोलीचं दार होतं.

"भाऊ, हितं नाय ठेवायचा," त्या म्हणाल्या.

"भिजला तर बिघडंल की, ताई."

"बिघडू दे. मशीन दुरुस्त होतं."

आणि मग उभ्या उभ्या, अनोळखी घराच्या अंगणात, त्यांनी ती जुलैची दुपार सांगितली. ताडपत्री, तांदूळ, डोकेदुखी, उंबऱ्यावर काढून ठेवलेली नळी. सांगताना आवाज चढला नाही. सहदेव ऐकत राहिले. मग त्यांनी गोणपाट उचललं. गोठ्याच्या पलीकडे खळ्याची उंच जागा होती, मोकळी. नागू आणि ते बांबू, पत्रा शोधायला लागले.

सहदेवांची सून हर्षला नेरळला एका औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि शरीफाबींच्या शेजारी बसली. कॉक, चोक, लाल बटण. पहिल्यांदा दोरी अर्धी येऊन परत गेली.

"मनगटानं न्हाय गं, खांद्यानं," शरीफाबी म्हणाल्या. "आदी हळू ओढ, अडकली की मंग हिसका."

चौथ्या हिसक्याला जनरेटर सुरू झाला. हर्षला दचकून मागे सरली आणि हसली. मग शरीफाबींनी तो तिच्याकडून बंद करवला, थंड होईपर्यंत थांबायला लावलं आणि पेट्रोल कसं भरायचं ते दाखवलं. फोनवर सगळं रेकॉर्ड करू का, असं तिनं विचारलं. शरीफाबी म्हणाल्या, कर, पण माझं तोंड नको, हात घे.

चहा मैनाच्या खोलीत झाला. मैना उशांना टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. बोलताना दोन शब्दांनी थांबायच्या.

"तुमचे मालक..." त्या म्हणाल्या, "ह्याच्यावरच होते?"

"साडेतीन वर्षं."

"आनि... आजाराच्या आदी? कसे होते?"

गेल्या दीड वर्षात लोकांनी शरीफाबींना खूप काही विचारलं होतं. कधी गेले, कसे गेले, शेवटी त्रास झाला का. हे कुणी विचारलं नव्हतं.

"पोहायचे," त्या म्हणाल्या. "पाताळगंगेत. भर पावसात, ह्या काठावरनं त्या काठाला. मी काठावर बसून शिव्या द्यायची. तर तिकडच्या काठावरनं हात हलवायचे, असा, आनि परत उडी."

मैना हसल्या. "आमचे पन... तसलेच."

बाहेर हर्षला पुन्हा दोरी ओढून बघत होती. शरीफाबींनी चहा खाली ठेवला आणि बद्रुद्दीनचं पुढचं सांगायला लागल्या.